गुंतलेल्या फोटॉनांनी प्रकाशापेक्षा जलद संदेश: ही योजना नेमकी कुठे अडते?

तिर्यक:

एन्टँगलमेंटच्या, म्हणजे दोन कणांच्या गुंतलेल्या अवस्थेच्या, साहाय्याने प्रकाशापेक्षा जलद संदेश पाठवता येत नाही, हे वाक्य या विषयावरील जवळजवळ प्रत्येक लेखात असते. पण त्याचे कारण ‘मोजमापाचा निकाल आपल्या हातात नसतो’ एवढ्यावर उरकलेले असते. निकाल हातात नसतो हे मला मान्य आहे. परंतु मोजमाप कोणत्या दिशेने करायचे, ही निवड तर पूर्णपणे आपली असते. माझा प्रश्न त्या निवडीविषयी आहे.

समजा, एक स्रोत फोटॉनांच्या जोड्या तयार करतो आणि प्रत्येक जोडीतील एक फोटॉन अनघाकडे व दुसरा खूप दूर असलेल्या बळवंतकडे जातो. दोघांनी ध्रुवण, म्हणजे पोलरायझेशन, एकाच दिशेने मोजले तर निकाल नेहमी जुळतात. अनघा स्रोताच्या जवळ असल्याने ती आधी मोजते. तिच्यापुढे दोन पर्याय आहेत: उभी-आडवी मांडणी, किंवा ४५ अंशांत फिरवलेली तिरकी मांडणी. पाठ्यपुस्तकातील वर्णनाप्रमाणे तिने उभे-आडवे मोजले, तर बळवंतचा फोटॉन उभा किंवा आडवा होतो. तिने तिरके मोजले, तर तो दोन तिरक्या दिशांपैकी एका दिशेचा होतो. या दोन परिस्थिती भौतिकदृष्ट्या वेगळ्या आहेत. मग पहिल्या मांडणीला शून्य आणि दुसरीला एक म्हणावे, एका फोटॉनवरून ओळखता येत नसेल तर प्रत्येक अंकासाठी हजार जोड्या वापराव्यात, आणि बळवंतने आपल्या हजार फोटॉनांच्या सांख्यिकीवरून अनघाची मांडणी ओळखावी.

हे जमणार नाही, याची मला कल्पना आहे. ‘तसे प्रमेय आहे’ या उत्तराऐवजी ही योजना कोणत्या पायरीवर अडते, ते कोणी दाखवून दिल्यास आभारी राहीन.

---

लोलक:

योजना अडते ती बळवंतच्या सांख्यिकीच्या पायरीवर, आणि हे कागदावर चार ओळींत करून पाहता येते.

बळवंतने आपला ध्रुवक उभ्या दिशेपासून θ कोनात ठेवला आहे असे समजू. अनघाने उभे-आडवे मोजले आणि तिला ‘उभा’ हा निकाल मिळाला, तर बळवंतचा फोटॉन उभा असतो आणि तो ध्रुवकातून पार होण्याची संभाव्यता cos²θ असते. अनघाला ‘आडवा’ मिळाला, तर ती sin²θ असते. अनघाला हे दोन निकाल निम्म्या-निम्म्या वेळा मिळतात, आणि कोणत्या जोडीला कोणता मिळाला हे बळवंतला ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने पार होण्याची एकूण संभाव्यता या दोहोंची सरासरी, म्हणजे बरोबर ½. आता अनघाची मांडणी तिरकी करा. cos²(θ−४५°) आणि sin²(θ−४५°) यांचीही सरासरी ½ च येते. बळवंतने θ कितीही ठेवला, अनघाने कोणताही कोन घेतला, किंवा तिने मुळीच मोजले नाही, तरी हा आकडा हलत नाही. हजार जोड्यांऐवजी कोटी जोड्या वापरल्या, तर बळवंतला ½ हाच आकडा अधिक अचूक मिळेल, इतकेच.

आपल्या मांडणीतील ‘या दोन परिस्थिती भौतिकदृष्ट्या वेगळ्या आहेत’ हे वाक्य म्हणूनच तपासून पाहायला हवे. उभ्या आणि आडव्या फोटॉनांचे समप्रमाणातील मिश्रण आणि दोन तिरक्या दिशांच्या फोटॉनांचे समप्रमाणातील मिश्रण, ही तयार करण्याच्या रीतीने वेगळी असली तरी बळवंतकडे असलेल्या कोणत्याही उपकरणाला ती वेगळी दिसत नाहीत. गणिताच्या भाषेत दोन्हींचे घनता-आव्यूह (मिश्रणाचे वर्णन करणारा आकड्यांचा तक्ता) एकच असते, आणि एकट्या बळवंतने केलेल्या कोणत्याही मोजमापाच्या सर्व संभाव्यता त्या एका आव्यूहावरून ठरतात. फिलिप एबरहार्ड यांनी १९७८ मध्ये, आणि गिरार्दी, रिमिनी व वेबर यांनी १९८० मध्ये हेच सर्वसाधारण रूपात सिद्ध केले. प्रमेय नको असे आपण म्हटले आहे, पण ते प्रमेय म्हणजे वरची सरासरीच आहे, फक्त सर्व प्रकारच्या मोजमापांसाठी केलेली.

मग एन्टँगलमेंट दिसते कुठे? अनघाची यादी आणि बळवंतची यादी शेजारी शेजारी ठेवल्यावर. प्रत्येक यादी स्वतंत्रपणे पाहिली तर तिच्यात शुद्ध यादृच्छिक क्रमापलीकडे काही नसते. जुळणी असते ती दोन्हींच्या मधल्या नात्यात. आणि एक यादी दुसरीपर्यंत न्यायची तर फोन, रेडिओ किंवा प्रकाशतंतू लागतो, आणि यांपैकी काहीही सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटरपेक्षा जलद जात नाही.

---

स्थिरांक:

लोलक यांचे उत्तर पूर्ण आहे. त्याला इतिहासाची जोड देतो, कारण तिर्यक यांची योजना आणखी एका पायरीने पुढे नेण्याचा प्रयत्न प्रत्यक्षात झालेला आहे आणि त्यातून क्वांटम सिद्धांताला एक महत्त्वाचे प्रमेय मिळाले.

अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ निक हर्बर्ट यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘फ्लॅश’ नावाची योजना मांडली. बळवंतला एकाच फोटॉनवर एकच मोजमाप करता येते, ही अडचण त्यांनी बरोबर ओळखली होती. त्यांचा उपाय असा: मोजण्यापूर्वी तो फोटॉन लेझरच्या प्रवर्धकातून पाठवावा, म्हणजे त्याच्या हुबेहूब अनेक प्रती मिळतील. अनघाने उभे-आडवे मोजले असेल, तर बळवंतच्या सर्व प्रती उभ्या किंवा सर्व आडव्या असतील, आणि उभ्या-आडव्या ध्रुवकावर त्यांचा निकाल एकमुखी येईल. तिने तिरके मोजले असेल, तर त्याच ध्रुवकावर प्रती निम्म्या-निम्म्या विभागल्या जातील. प्रती तयार करता आल्या असत्या, तर संदेश खरोखरच पोहोचला असता. पुढच्या तर्कात कोठेही खोट नाही.

हा निबंध तपासणाऱ्यांपैकी जानकार्लो गिरार्दी यांनी अशा प्रती करणे क्वांटम सिद्धांताच्या रेषीयतेशी (अवस्थांच्या बेरजेवरील क्रिया म्हणजे प्रत्येकीवरील क्रियांची बेरीज, या गुणधर्माशी) विसंगत असल्याचे दाखवून तो नाकारावा असे सुचवले. दुसरे परीक्षक आशेर पेरेस यांना निबंध चुकीचा असल्याची खात्री होती. तरीही चूक शोधण्याच्या निमित्ताने काहीतरी मोलाचे हाती लागेल, या विचाराने त्यांनी तो छापण्याची शिफारस केली. परीक्षकाने असे वागावे का, यावर दुमत होऊ शकेल. पण त्यांचा अंदाज खरा ठरला. निबंध १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी वुटर्स व झुरेक यांनी, तसेच स्वतंत्रपणे डीक्स यांनी, अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत करता येत नाही हे सिद्ध केले. सिद्धता फार छोटी आहे. उभ्या फोटॉनचे दोन उभे आणि आडव्याचे दोन आडवे करणारे यंत्र आहे असे धरा. तिरका फोटॉन म्हणजे उभ्या व आडव्या अवस्थांची बेरीज. यंत्र रेषीय असल्याने तो आत गेल्यावर ‘दोन्ही उभे’ आणि ‘दोन्ही आडवे’ यांची बेरीज बाहेर येते. दोन स्वतंत्र तिरके फोटॉन मिळत नाहीत. मिळते ती आणखी एक गुंतलेली जोडी. प्रत्यक्ष लेझरमध्ये हीच गोष्ट वेगळ्या रूपात आड येते: उद्दीपित उत्सर्जनाबरोबर उत्स्फूर्त उत्सर्जनही होते आणि त्याच्या गोंधळामुळे प्रती बिघडतात.

प्रती किती बिघडतात, याचेही मोजमाप आहे. एका अज्ञात क्यूबिटच्या, म्हणजे फोटॉनच्या ध्रुवणासारख्या दोन पर्यायांच्या क्वांटम अवस्थेच्या, दोन सारख्या प्रती करायच्या, तर त्यांची मूळ अवस्थेशी निष्ठा (हुबेहूब प्रतीसाठी १ असणारे साम्याचे माप) जास्तीत जास्त ५/६ असू शकते. भौतिकशास्त्रज्ञ निकोला जिझाँ यांनी १९९८ मध्ये दाखवले की, प्रकाशापेक्षा जलद संदेश जाऊ नयेत एवढी एकच अट घातली तरी नेमकी हीच ५/६ ची मर्यादा मिळते.

---

तिर्यक:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सरासरीचे गणित स्वतः करून पाहिले. कोन कोणताही घेतला तरी ½ च येते.

मात्र आता शंका उलट बाजूने येते. बळवंतच्या बाजूला काहीच बदलत नसेल, तर त्याच्या फोटॉनला काही ‘होते’ असे म्हणण्याची गरजच काय? बुटांच्या जोडातील एक बूट एका खोक्यात व दुसरा दुसऱ्या खोक्यात घालून दोन शहरांत पाठवला आणि एकाने खोका उघडून डावा पाहिला, तर दुसरीकडे उजवा असणार हे त्याला तत्क्षणी कळते. यात गूढ काहीच नाही. फोटॉनांचे निकालही स्रोतापाशीच ठरलेले असतात असे मानले, तर वेगाचा प्रश्नच उद्भवत नाही.

---

लोलक:

आइन्स्टाइन, पोडॉल्स्की आणि रोझेन यांच्या १९३५ च्या निबंधाचा रोख साधारण हाच होता, आणि जवळजवळ तीस वर्षे हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा समजला गेला. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये दाखवले की तो प्रयोगाने सोडवता येतो. आपल्याच फोटॉनांवर त्याचे एक सोपे रूप पाहू.

दोघांकडेही ध्रुवकासाठी तीनच कोन आहेत: ०, ६० आणि १२० अंश. दोघांनी एकच कोन निवडला, तर निकाल नेहमी जुळतात. निकाल स्रोतापाशीच ठरलेले असतील, तर प्रत्येक फोटॉनकडे तिन्ही कोनांसाठी ‘पार’ किंवा ‘अडला’ अशी उत्तरे तयार असली पाहिजेत, आणि जोडीतील दोघांची उत्तरपत्रिका एकच असली पाहिजे. प्रश्न तीन आणि उत्तरे दोनच प्रकारची. त्यामुळे किमान दोन कोनांची उत्तरे सारखी असणारच. म्हणून दोघांनी यदृच्छेने वेगवेगळे कोन निवडले, तरी निकाल निदान एकतृतीयांश वेळा जुळलेच पाहिजेत. उत्तरपत्रिका कितीही चलाखीने लिहिली, तरी जुळणी याच्या खाली जात नाही. क्वांटम सिद्धांताप्रमाणे मात्र वेगळ्या कोनांवरील जुळणीची संभाव्यता cos²६०°, म्हणजे एकचतुर्थांश आहे. एकचतुर्थांश हा एकतृतीयांशापेक्षा लहान आहे; बुटांच्या खोक्यांतून हा आकडा निघूच शकत नाही.

प्रत्यक्ष प्रयोगांत बहुतेक वेळा क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांनी १९६९ मध्ये दिलेले रूप वापरतात. त्यात दोन्ही बाजूंच्या निकालांच्या जुळणीवरून एक आकडा काढतात. आधीच ठरलेल्या निकालांसाठी त्याला २ ही कमाल मर्यादा आहे, तर क्वांटम सिद्धांत २√२, म्हणजे सुमारे २.८२८ पर्यंत जाऊ देतो. फ्रीडमन आणि क्लाउझर यांनी १९७२ मध्ये पहिला प्रयोग केला. अलाँ आस्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये फोटॉन मार्गात असतानाच मांडण्या बदलण्याची व्यवस्था केली. त्यांची दोन उपकरणे सुमारे १२ मीटर अंतरावर होती, आणि प्रकाशाला तेवढे अंतर कापायला ४० नॅनोसेकंद लागत असताना मांडणी दर १० नॅनोसेकंदांच्या आसपास बदलत होती. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे २०१५ मध्ये १.३ किलोमीटर अंतरावरील हिऱ्यांतल्या इलेक्ट्रॉनांवर झालेल्या प्रयोगात २४५ मोजमापांतून २.४२ हा आकडा मिळाला, आणि त्यात आधीच्या प्रयोगांतील प्रमुख पळवाटा, म्हणजे निकाल आधीच ठरलेले होते असे म्हणायला उरलेल्या जागा, एकाच वेळी बंद केलेल्या होत्या. आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना २०२२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच परंपरेतील कामासाठी.

तेव्हा स्थिती अशी आहे. दोन याद्यांमधील सहसंबंध कोणत्याही पूर्वनियोजित, स्थानिक कारणाने समजावता येत नाही. आणि तरीही त्यातील एकट्या यादीवर दुसऱ्या टोकाच्या निवडीची खूण उमटत नाही. लोकप्रिय लेखन पहिल्या अर्ध्या भागावर रेंगाळते आणि दुसरा अर्धा भाग ‘परंतु’ म्हणून शेवटी टाकते. ‘एक कण मोजताच दुसरा तत्क्षणी बदलतो’ हे वाक्य त्यामुळेच इतके पसरले आहे. सापेक्षता सिद्धांताच्या दृष्टीने तर ते वाक्य अपुरेच आहे. प्रकाशालाही वेळेत जोडता येणार नाहीत अशा दोन घटनांपैकी आधी कोणती घडली, हे निरीक्षकाच्या गतीवर अवलंबून असते. एका निरीक्षकाला अनघाने आधी मोजलेले दिसेल, तर वेगाने जाणाऱ्या दुसऱ्याला बळवंतने. दोघांची भाकिते मात्र एकच येतात, आणि ‘कोणी कोणाला बदलले’ या प्रश्नाचे उत्तर त्या भाकितांत कोठेही लागत नाही.

---

सावकाश_वाचक:

चर्चा वाचताना तीन गोष्टी मनात आल्या. पहिली: जिनिव्हाच्या एका प्रयोगात एन्टँगलमेंटचा वेग प्रकाशाच्या दहा हजार पट मोजला गेला, असे वाचल्याचे स्मरते. दुसरी: चीनच्या उपग्रहाने क्वांटम टेलिपोर्टेशन, म्हणजे एका कणाची अवस्था दूरच्या कणावर उमटवणे, करून दाखवले, तेही संदेशवहन नाही का? तिसरी: ध्रुवणाऐवजी व्यतिकरण, म्हणजे दोन मार्गांनी आलेल्या प्रकाशाचे पडद्यावर उमटणारे पट्टे, वापरले तर? अनघाने आपल्या फोटॉनवरून मार्गाची माहिती मिळवली तर बळवंतच्या पडद्यावरील पट्टे नाहीसे होतील आणि ती माहिती पुसली तर पट्टे दिसतील; पट्टे आहेत की नाहीत, हे तर एकट्या बळवंतलाही दिसेल.

---

स्थिरांक:

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो वारंवार येतो. गुंतलेल्या जोडीतील एकट्या फोटॉनचे पट्टे मुळात कधीच दिसत नाहीत. अनघाने मार्गाची माहिती मिळवो वा पुसो, बळवंतच्या पडद्यावर सपाट डागच उमटतो. माहिती पुसल्यावर अनघाचे निकाल दोन गटांत पडतात. एका गटाशी जोडलेले बळवंतचे फोटॉन वेगळे काढले, तर पट्टे दिसतात. दुसऱ्या गटाचे काढले, तर तेच पट्टे अर्ध्या अंतराने सरकलेले दिसतात, आणि दोन्ही एकत्र केले की पुन्हा सपाट डाग उरतो. किम आणि सहकाऱ्यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही पट्टे असेच, जोड्या जुळवून निवड केल्यावर मिळाले. निवड करायची तर अनघाची यादी हवी, आणि यादी सामान्य मार्गानेच येणार.

जिनिव्हाचा प्रयोग २००८ चा आहे. सातिन्यी आणि ज्युसी या १८ किलोमीटर अंतरावरील दोन गावांत मोजमापे केली होती. ‘वेग मोजला’ असे म्हणणे मात्र योग्य नाही. एखाद्या विशिष्ट संदर्भचौकटीत एका फोटॉनकडून दुसऱ्याकडे काही अदृश्य प्रभाव जात असेल, आणि पृथ्वीचा त्या चौकटीतील वेग प्रकाशाच्या एक सहस्रांशापेक्षा कमी असेल, तर तो प्रभाव प्रकाशाच्या किमान दहा हजार पट वेगाने जात असला पाहिजे, असा निष्कर्ष होता. असा प्रभाव आहे, असे प्रयोगकर्त्यांचेही म्हणणे नव्हते. पुढे २०१२ मध्ये बँकाल आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले की, अशा प्रभावाचा वेग कितीही मोठा पण सांत मानला आणि क्वांटम सिद्धांताची भाकिते खरी राहिली, तर चार टोकांच्या मांडणीत प्रकाशापेक्षा जलद संदेश पाठवता येतील. म्हणजे ‘प्रभाव फार जलद आहे, पण लपलेला आहे’ ही सोयीस्कर तडजोडही टिकत नाही. मला व्यक्तिशः या विषयातील हा सर्वांत धारदार निष्कर्ष वाटतो, आणि तरीही बातम्यांत तो क्वचितच येतो.

टेलिपोर्टेशनची कल्पना १९९३ ची आहे आणि तिच्या मूळ मांडणीतच दोन साध्या बिटांची गरज सांगितलेली आहे. अनघा आपल्या अज्ञात अवस्थेवर आणि जोडीतील आपल्या भागावर एकत्र मोजमाप करते. तिला चार संभाव्य निकालांपैकी एक मिळतो आणि तो कोणता, हे बळवंतला कळवावे लागते. तो कळेपर्यंत बळवंतजवळ असलेली अवस्था त्याच्यापुरती पूर्णपणे यादृच्छिकच असते. २०१६ मध्ये सोडलेल्या मिसियस उपग्रहाने २०१७ मध्ये १,४०० किलोमीटरपर्यंत टेलिपोर्टेशन केले, तेव्हाही हा नियम बदलला नाही. त्याच उपग्रहाने गुंतलेले फोटॉन १,२०३ किलोमीटर अंतरावरील दोन स्थानकांना पाठवले. उपग्रहावर दर सेकंदाला सुमारे ५९ लाख जोड्या तयार होत असताना दोन्ही टोकांना मिळून साधारण एकच जोडी सेकंदाला नोंदली जात होती. अशा जोड्यांचा खरा उपयोग गुप्त किल्ली तयार करण्यासाठी होतो. एकर्ट यांनी १९९१ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत दोघांना एकच यादृच्छिक अंकमाला मिळते. ती कोणीही ‘पाठवलेली’ नसते, आणि तिचा उपयोग त्यामुळेच आहे.

---

तिर्यक:

एक शेवटचा प्रश्न. क्वांटम सिद्धांत रचताना कोणी सापेक्षता समोर ठेवून सरासरी ½ येईल अशी तजवीज केलेली नव्हती. श्रोडिंगरचे समीकरण तर सापेक्षतावादी नाहीच. तरीही प्रत्येक योजना शेवटच्या पायरीवर अडते. याला योगायोग म्हणावे, की ‘संदेश जाऊ शकत नाही’ हेच मूळ तत्त्व आणि क्वांटम सिद्धांत त्याचा परिणाम?

---

शून्यबिंदू:

दोन्ही बाजूंनी थोडे थोडे सांगता येते.

योगायोग नाही याचा एक पुरावा असा. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८९ मध्ये क्वांटम सिद्धांताची किंचित अरेषीय आवृत्ती मांडली, जेणेकरून रेषीयतेची प्रयोगाने परीक्षा घेता यावी. जिझाँ यांनी १९९० मध्ये दाखवले की त्या आवृत्तीत गुंतलेल्या जोड्यांच्या साहाय्याने प्रकाशापेक्षा जलद संदेश पाठवता येतील. वर लोलक यांनी काढलेली सरासरी आणि स्थिरांक यांनी दिलेली प्रतींविषयीची सिद्धता, या दोन्ही रेषीयतेवरच उभ्या आहेत. ती जरा हलवली की उभ्या-आडव्यांचे मिश्रण आणि तिरक्यांचे मिश्रण वेगळे ओळखता येऊ लागते. म्हणजे संदेशबंदी आणि क्वांटम सिद्धांताची रचना एकमेकींत घट्ट बसलेली आहे.

पण संदेशबंदी हे एकच मूळ तत्त्व मानून सारे क्वांटम भौतिक त्यातून काढता येईल, ही आशा सांदु पोपेस्कू आणि डॅनियल रोर्लिख यांनी १९९४ मध्ये मोडली. त्यांनी एक काल्पनिक पेटीजोडी मांडली. दोन्ही टोकांना शून्य किंवा एक असा प्रश्न घालायचा आणि तसेच उत्तर मिळवायचे. दोघांनीही ‘एक’ विचारले, तर उत्तरे भिन्न येतात. इतर तिन्ही वेळा सारखी येतात. प्रत्येक टोकाला एकट्याने पाहिले तर उत्तरे निम्मी-निम्मी, त्यामुळे संदेश पाठवता येत नाही आणि सापेक्षतेची काहीच तक्रार नाही. तरीही लोलक यांनी सांगितलेल्या, २ ही स्थानिक मर्यादा असलेल्या कसोटीत ही पेटीजोडी ४ गुण मिळवते. निसर्ग, त्सिरेलसन यांनी १९८० मध्ये सिद्ध केल्याप्रमाणे, २.८२८ वर थांबतो. तेव्हा संदेशबंदीला ४ पर्यंत हरकत नसताना हा थांबा मध्येच का आहे, याचे कारण सापेक्षतेबाहेर शोधावे लागते.

विम व्हॅन डॅम यांच्या विवेचनातून एक दिशा मिळते: अशा पेट्या हव्या तेवढ्या मिळाल्या, तर दोन ठिकाणी विभागलेल्या कितीही मोठ्या माहितीवरील हो-नाही स्वरूपाचे कोणतेही उत्तर केवळ एक बिट पाठवून काढता येईल. २००९ मध्ये पाव्हलोव्स्की आणि सहकाऱ्यांनी याहून नेमके तत्त्व सुचवले: अनघाने मोजून जितके बिट पाठवले, त्यापेक्षा अधिक माहिती बळवंतला तिच्या साठ्यातून मिळवता येऊ नये, मग तो साठ्यातील कोणता भाग वाचायचा हे त्याने नंतर का ठरवेना. हे तत्त्व शून्य बिटांसाठी लावले, तर आपली संदेशबंदी मिळते. एक किंवा अधिक बिटांसाठी लावले, तर २.८२८ च्या पुढचा प्रत्येक सहसंबंध बाद होतो. मात्र क्वांटम सिद्धांत ज्यांना परवानगी देतो ते सर्व सहसंबंध, आणि तेवढेच, या एका तत्त्वातून निघतात का, हे अद्याप सिद्ध झालेले नाही.